म्हापशातली ती फळीवाली खानावळ: हुमण इथे खा, तळलेलं समोर खा

आधीच सांगते, नाव लिहिणार नाहीये. रिव्ह्यू लिहायचा आणि नावच नाही, मग काय उपयोग, असं कोणीतरी म्हणणारच, पण पुढे वाचलंत की कळेल. शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला जाणाऱ्यांना तसंही नाव लागत नाही. एक बारीक रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना दोन खानावळी, एकीवर लायटिंगवाली मोठी पाटी आणि दुसरीवर पाटीच नाही, दाराशी काळी फळी आणि त्यावर खडूने आजचं नुस्तं, म्हणजे मासे, काय ते. मी लिहितेय ती फळीवाली. आधी ते गॅरेज होतं, शटर अजून तेच आहे, आत सहा टेबलं, एक बेसिन आणि दोन पंखे, त्यातला एक फिरतो.

दोन वर्षं झाली मी जातेय, त्यामुळे एका जेवणावरून लिहिलेलं नाही हे.

जेवणाचं आधी. फिश थाळी १८० रुपये. उकडं शीत म्हणजे भात हवा तेवढा, हुमण म्हणजे माशाचं कालवण, तिसऱ्यांचं सुकं किंवा त्या दिवशी जे मिळेल ते, किसमूर म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, एक तळलेला तुकडा, लोणचं, सोलकढी. फळीवर बांगडा लिहिलेला दिसला तर दुसरीकडे बघूच नका. वाटण मिक्सरमधलंच आहे, पाट्यावरचं बिट्यावरचं म्हणून उगाच गोड गोड लिहीत नाही, पण गंधासारखं बारीक असतं, आंबटाला सोलं म्हणजे आमसुलं, आणि वरून तेफळं म्हणजे तिरफळं. तेफळांवर जरा थांबते. सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, कढीत घालायची नसतात ती, बांगडे-पेडवे असल्या तेलकट, वास मारणाऱ्या माशांसाठी असतात. आतली काळी बी काढून टाकायची, नुसती साल ठेवायची, जराशी चेचायची आणि हुमण उतरवायच्या थोडं आधी टाकायची. ताटात आली तर कडेला काढून ठेवायची, चावायची नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे आणि तरी पहिल्याच दिवशी मी इथे तेफळ चावलं, अर्धी जीभ पंधरा मिनिटं बधिर, कारण माझं लक्ष जेवणात नव्हतंच.

त्या दिवशी माझी पहिली तारीख होती. कोर्टात. सख्ख्या भावाबरोबर.

थोडक्यात सांगते, कारण हे असं गोव्यात प्रत्येक तिसऱ्या घरात असेल असं मला आता वाटायला लागलंय. बाबा गेले, आई आधीच गेलेली, आम्ही दोघंच. भाई म्हणाला की बाय, फॉर्म एक आणि चौदावर, जमिनीच्या उताऱ्यावर, आपली नावं चढवायची आहेत, तू फोंड्याहून कुठे खेपा घालणार, मला मुखत्यारपत्र दे, मी बघतो सगळं. नोटरीच्या टेबलाशी उभ्या उभ्या सही केली मी. आमच्याकडे जमिनीच्या कागदावर नवऱ्याचीही सही लागते, तर यांनापण नेलं होतं. हे म्हणाले, वाचूया का एकदा. मी म्हटलं, वाचायचं काय त्यात, भाई आहे माझा. तिसऱ्या पानावर विकायचा अधिकार होता. वर्षाने शेजारच्या काकांचा फोन, बाय, तुमच्या भाटात जेसीबी कित्याक? भाट म्हणजे आमची बागायत, तिथला विहिरीकडचा तुकडा गेलेला, दिल्लीच्या कुठल्या तरी पार्टीला. मानकुरादचं झाड होतं तिथे, मे महिन्यात रात्री वारा सुटला की आम्ही दोघं पहाटे बॅटरी घेऊन पडलेले आंबे वेचायला पळायचो, आणि त्यातला सगळ्यात मोठा तो मला द्यायचा. हे मी उगाच लिहीत नाहीये, खरंच द्यायचा.

पैशांचं दुःख असतं पण ते मुरतं हो. "वाचायचं काय त्यात" हे मी नवऱ्यासमोर बोलले होते, ते मुरत नाही. यांनी एकदाही टोमणा मारला नाही, त्याचाच जास्त त्रास.

तर ती फाईल टेबलावर, मी रुमालाने जीभ पुसतेय, आणि एक बाई, साठीच्या पुढची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात गुळाचा खडा घेऊन आली. घे, म्हणाली, चघळ. मग फाईलकडे बघून, इन्व्हेंटरी काय गो? म्हणजे वारसांमधल्या वाटणीची केस. मी मान हलवली. कोणाबरोबर? भावाबरोबर. तिने हातातला डाव रस्त्यापलीकडच्या लायटिंगच्या पाटीकडे केला आणि म्हणाली, म्हजी पुतण्याकडेन, आणि पुढच्या टेबलाला भात वाढायला गेली.

तिला सगळे माई म्हणतात. माहेर बांद्याचं, त्यामुळे मराठी आणि कोंकणी एकाच वाक्यात कालवून बोलते, मी लिहिताना जमेल तसं लिहितेय.

सर्व्हिसबद्दल. शुक्रवारी साडेबारा ते दोन जाऊ नका, बाजाराची गर्दी, टेबलाशी उभं राहून समोरच्याच्या घासावर नजर ठेवावी लागते आणि दोघं वाढपी आहेत त्यातल्या धाकट्याला काही सांगितलं की तो हो म्हणून निघून जातो आणि मग येतच नाही. पाण्याचे ग्लास स्टीलचे, स्वच्छ. बेसिनचा नळ डावीकडे फिरवला तर सुटतो हातात. पार्किंग विचारू नका.

तळलेला तुकडा इथला साधाच आहे, हे स्पष्ट लिहायला हवं. रवा मऊ पडतो. मी एकदा माईला तसं म्हटलं, भीत भीत, तर ती म्हणाली, तळिल्लें खावपाचें जाल्यार समोर जा गो बाय, त्याचा तवा चांगला आहे, हात पण चांगला आहे, मीच शिकवलंय. मला वाटलं टोमणा आहे. टोमणा नव्हता. नंतर मी तिला दोन टुरिस्टांनाही तेच सांगताना ऐकलं, इसवण फ्राय पाहिजे तर ऑपोजिट, व्हेरी गुड. इसवण म्हणजे सुरमई.

आता मुख्य गोष्ट, जी बघून मी हा रिव्ह्यू लिहायचं ठरवलं. एका शुक्रवारी दीडच्या सुमाराला समोरचा पोरगा रस्ता ओलांडून आला, हातात मोठा टोप. माई, शीत सोंपलां. माईने काही न बोलता आपल्या भाताच्या टोपावरचं फडकं काढलं आणि वाट्याने मोजून घालायला लागली, एक, दोन, बारापर्यंत. मग गल्ल्याशेजारची लांब वही काढली, तिला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली आहे, त्यात तारीख घातली, शीत १२ लिहिलं, पोराची सही घेतली. पोरगा गेला. मी वही उलटी वाचत होते, शेजारीच बसले होते ना. त्याच पानावर वर नारळ ४, त्याच्यापुढे बरोबरची खूण, शीत ८, खूण, कोकम अर्धा किलो, खूण नाही.

मला राहवलं नाही. म्हटलं, माई, त्याने तुमचं दुकान घेतलं आणि तुम्ही त्याला भात देता? तर म्हणाली, गिरायकांचं काय चुकलं, ती उपाशी वचूं? आणि फुकट नाही देत मी. महिन्याच्या शेवटी हिशेब होतो. कोकमाचे राहिलेत.

तिची गोष्ट मला तिने सांगितली ती दोनच वाक्यांत, बाकीची वाढप्याकडून आणि माझ्या वकिलाकडून, म्हापशात काही लपत नाही. समोरची जागा माई आणि तिच्या नवऱ्याची, भाड्याची पण वर्षानुवर्षांची. धाकट्या दिराचा मुलगा, बाप गेल्यावर सहा वर्षांचा असताना हिच्याकडे आला, तांदळाच्या गोणींवर झोपायचा, ढग गडगडले की हिच्या साडीचा पदर धरून बसायचा. मोठा झाल्यावर गल्ला त्याच्याकडे. मग नवरा आजारी पडला, दीड महिना ही बांबोळीच्या हॉस्पिटलात त्याच्या उशाशी, आणि तेवढ्यात याने घरमालकाशी बोलून भाड्याची पावती स्वतःच्या नावावर करून घेतली. ही परत आली तर कुलूप दुसरं. चार महिन्यांनी नवरा गेला. गॅरेज तिने मंगळसूत्रातल्या सोन्यावर घेतलं. पाटी लावली नाही कारण जुनी पाटी, नवऱ्याच्या नावाची, अजून समोरच लागलीय आणि ती म्हणते एका नावाच्या दोन पाट्या कशाला.

आणि केस चालू आहे. हे मला महत्त्वाचं वाटतं म्हणून वेगळं लिहिते. भात चालू आहे आणि केसपण चालू आहे.

माझ्या नातेवाईकांत दोन पार्ट्या होत्या. एक म्हणायची त्याचं तोंड बघू नको, केसाने गळा कापला त्याने तुझा. दुसरी म्हणायची, बाय, मन मोठं कर. हे मन मोठं कर प्रकरण गोव्यातल्या बायकांना चांगलं माहीत असेल. आमच्याकडे १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड, त्यातला वारसाहक्काचा भाग मग २०१२ च्या राज्याच्या कायद्यात आला, पण मूळ तेच, मुलगा मुलगी वाटा सारखा, आणि आईबापांना मुलं असताना अर्ध्याहून जास्त इस्टेट मृत्युपत्राने आपल्या मर्जीने देताच येत नाही. कागदावर एकदम झकास. पण हक्क आहे म्हणूनच सही मागतात! हक्क नसता तर कोणी विचारलंही नसतं. तुझी सही लागते म्हणून तुझं मन मोठं असावं लागतं. तुला काय कमी आहे, नवऱ्याची नोकरी आहे, भावाला मुलगे आहेत, माहेर तुटेल. भावाला कोणी सांगत नाही की मन मोठं कर आणि बहिणीचे पैसे दे.

मी सहा महिने या दोघांमध्ये लोंबकळत होते. तोंड बघायचं नाही म्हटलं तर रात्री छाती भरून यायची, तो आंबा देणारा भाई कुठे टाकू. मन मोठं केलं तर वाटा गेला आणि वर मूर्ख ठरले. प्रेम ठेवायचं म्हणजे सही करायची, सही करायची नाही म्हणजे प्रेम संपलं, असं मीसुद्धा धरूनच चालले होते. आणि इथे एक बाई बारा वाटे भात मोजून देते आणि पोराची सही घेते.

मार्चमध्ये आणखी एक बघितलं. त्या दिवशी माईचीही तारीख. मी कोर्टाच्या गेटाशी उभी, समोरून स्कूटर आली, चालवतोय पुतण्या, मागे एका बाजूला पाय सोडून माई, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत फाईल, दुसऱ्या हाताने त्याचा खांदा धरलेला. उतरली, पिशवी सावरली, त्याला म्हणाली, केस किती वाढलेत, काहीतरी कर. मला वाटलं कोर्टातल्या केसबद्दल बोलतेय. डोक्यावरच्या केसांबद्दल बोलत होती. मग ती तिच्या वकिलाकडे गेली आणि तो त्याच्या.

मी नंतर विचारलं, त्याच्या स्कूटरवरून? तर म्हणे रिक्षावाला सत्तर रुपये घेतो, आणि दोघांची तारीख एकच ना. इतकं साधं.

कोणी तिला साध्वी बिध्वी समजू नका हां. पुतण्या सोलकढीत साखर घालतो हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, मला चार वेळा सांगितलंय. त्याच्या मुलीच्या बारशाला गेली, सोन्याची बाळी दिली, पण जेवली नाही, पोट बिघडलंय म्हणाली आणि घरी येऊन पेज प्यायली. आणि मी एकदा सरळ विचारलं की राग येत नाही का, तर म्हणाली, येतो की, रात्री येतो. झोप लागेपर्यंत येतो. पण सकाळी सहाला नुस्तं आणायला जायचं असतं. मग जरा थांबली, कोथिंबीर निवडत होती, आणि म्हणाली, तो चोर हें खरें. तो आमचो हेंय खरें. एक खोटं करायला गेलं तर दुसरं पण खोटं बोलावं लागतं. शीत दितां, चावी दिना.

कमरेचा जुडगा मी तेव्हा नीट बघितला. गल्ल्याची, फ्रिजची, शटरच्या दोन कुलुपांच्या दोन, सगळ्या चाव्या तिच्याकडे. वाढप्यांनापण देत नाही. आधी ती अशी नव्हती म्हणतात, गल्ला उघडा असायचा. म्हणजे काहीतरी गेलंच तिचं. ते गेलेलं परत आलंय असं मला दिसलं नाही.

जेवणावर परत येते, भरकटले.

जून-जुलैत जाणार असाल तर अपेक्षा बदला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, मोठं नुस्तं येत नाही, आणि बाहेरून बर्फातून आलेलं माई घेत नाही. तेव्हा फळीवर खारो बांगडो, सुक्या सुंगटांचं, कधी नदीतला शेवटो नावाचा मासा मिळाला तर तो. मेमध्येच ती पुरुमेताची, पावसाळ्याच्या बेगमीची, सगळी तयारी करते, मिरच्या, सोलं, मीठ, सुकी सुंगटं, डबे मोजून लावलेले. हरमलची मिरची वापरते, महाग पडते म्हणते पण रंग बघा. त्या दिवसांत थाळी १४० ला देते, जे मला फार प्रामाणिक वाटलं, कारण बाकीचे भाव उतरवत नाहीत. सोमवारी शाकाहारी. आळसांद्याचं तोणाक, म्हणजे चवळीची उसळ, चांगलं, मिश्र भाज्यांचं खतखतं मला पातळ वाटलं. श्रावणात महिनाभर हेच, तेव्हा तक्रार नको.

आता समोरच्याकडचं पण लिहिते, एकतर्फी नको. मी गेले एकदा. रस्ता ओलांडताना चोरी करायला चाललेय असं वाटत होतं, मागे वळून बघितलं तर माई पाठमोरी होती, देव पावला. जागा मोठी, एसीचा एक भाग, मेन्यू कार्ड, थाळी २२०. सोलकढीत साखर आहे. हुमण ठीक, तेफळांचा वास फक्त, चव नाही, बहुतेक फार आधी टाकतात. पण इसवण! कडेने कुरकुरीत, आत ओलसर, रवा जागचा हलत नाही. मान्य करावंच लागेल. बिल द्यायला गेले तर पुतण्या गल्ल्यावर, केस कापलेले होते, आणि म्हणाला, तुम्ही माईकडे असता ना शुक्रवारी. मी हो म्हटलं. त्याने सुट्टे मोजले, परत मोजले, आणि खाली बघूनच विचारलं, तिचे गुडघे कसे आहेत? मी म्हटलं दहा पावलांवर आहे हो ती, विचारा ना. तो म्हणाला विचारतो. मग मशीनमधून कागद फाडून दिला मला, आणि पुढचं गिऱ्हाईक.

मला तोवर वाटायचं फसवणारा मजेत असतो. जमीन मिळाली, पैसे मिळाले, झोपत असेल गाढ. त्या माणसाला बघून तसं वाटलं नाही. स्कूटरवर तिला मागे बसवून नेऊ शकतो, भात मागवू शकतो, पण गुडघ्यांचं विचारू शकत नाही. त्याने केलं ते त्यामुळे कमी होत नाही, पण मी घरी येताना बसमध्ये भाईचाच विचार करत होते, की हा पण कोणाला तरी माझ्याबद्दल असंच खाली बघून विचारत असेल का.

त्या वर्षी चवथीला गेले. आदल्या वर्षी गेले नव्हते. आमच्याकडे गणपती मूळ घरात एकच, भांडणं झाली, चुली वेगळ्या झाल्या, केसेस झाल्या तरी गणपती एकच, त्यामुळे जायचं नाही म्हटलं तर देवालाच भेटायचं नाही. भाई माटोळी, गणपतीवरची फळाफुलांची आरास, बांधत होता, स्टुलावर चढून, सुपारीचा घोस हातात. मी आत आले तर म्हणाला, पेपरात नाव छापलंस माझं. मुखत्यारपत्र रद्द केल्याची जाहीर नोटीस दिली होती मी, वकिलाने सांगितलं तशी. मी म्हटलं, हो छापलं. आणि मग तो स्टुलावर तसाच उभा, मी खाली तशीच उभी, आणि वहिनी मध्ये येऊन म्हणाली आंबाडे द्या कोणीतरी वर. मी दिले. आरतीला शेजारी उभे होतो. निघताना वहिनीने नेवऱ्यांचा डबा दिला, मी घेतला, आणि केसचा विषय मी काढला नाही, त्यानेही नाही. घरी येऊन यांना सगळं सांगितलं, हे म्हणाले, बरं केलंस, आणि पुढे, पण कागद असेल तर मला आधी दाखव. मी खूप हसले. दोन वर्षांनी पहिल्यांदा आम्ही त्या गोष्टीवर हसलो.

माझं म्हणणं कोर्टात एवढंच आहे की विकलेल्या तुकड्याचे पैसे त्याच्या वाट्यात धरा आणि बाकीचं सरळ वाटा. इन्व्हेंटरीत सगळ्या मालमत्तेची यादी होते, मग वारसांमध्येच बोली लागते, कोणाला वाट्याहून जास्त गेलं तर त्याने दुसऱ्याला फरक द्यायचा, ओवेल्टी म्हणतात. म्हणजे एक दिवस मी आणि भाई एकाच बाकावर बसून मूळ घरावर बोली लावणार आहोत. आधी त्या विचाराने मला रडू यायचं. आता येत नाही असं नाही, पण तयारी केलीय, किती पर्यंत जायचं तो आकडा लिहून ठेवलाय.

ऑक्टोबरच्या तारखेला कोर्ट लवकर उठलं. बाहेर आले तर भाई गेटाबाहेरच्या गाड्यावर उभा, हातात वडापाव, शर्टाला चटणी लागलेली. डायबेटिस आहे त्याला. आणि मला काय झालं माहीत नाही, म्हटलं, टाक ते, चल जेवायला. तो आला. चालताना एक शब्द नाही. फळीवर बांगडा होता.

माईने आम्हाला बघितलं, ताटं लावली, काही विचारलं नाही. भाईने पहिल्यांदा हुमणाचा घास घेतला आणि हात थांबला त्याचा. आयसारखं, म्हणाला. मला पण पहिल्या दिवशी तेच वाटलं होतं, पण मी जीभ बधिर करून घेतली होती. मग त्याने तेफळं एक एक काढून ताटाच्या कडेला लावली, ओळीने, लहानपणी लावायचा तशीच, आणि बांगड्याचा मधला जाड तुकडा उचलून माझ्या ताटात घातला. मी नको म्हटलं नाही.

जेवण संपत आल्यावर विचारलं त्याने. केस काढून घेणार नाहीस ना?

नाही, म्हटलं. कढी घे अजून.

घेतली त्याने. दोन वाट्या प्यायला.

गल्ल्यावर माईने पेन्सिल उचलली आणि विचारलं, एक बिल काय दोन? भाईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं दोन. तिने दोन लिहिली. जीपे तिथे चालतं पण नेटवर्क बाहेर रस्त्यावर जाऊन पकडावं लागतं आणि भाईच्या फोनला काही आलंच नाही, खिशात एकशेसाठ निघाले, वरचे वीस मी दिले. ते अजून यायचेत. वहीत लिहून ठेवलेत मी.